एक डेसिबलचा होकार

गायकाला मिक्स ऐकवताना मी एक गोष्ट करत आलो आणि ती कधी कुणाला सांगितली नाही. आधी जुनं मिक्स लावायचं, मग नवं. नव्याचा आवाज किंचित वर. किती? एक डेसिबल, फार तर दीड. एवढा फरक कानाला 'आवाज वाढला' असा कळत नाही. तो 'स्वच्छ झालं' असा कळतो, 'भरीव झालं', 'गळा जवळ आला' असा कळतो. समोरचा माणूस मान डोलावतो. "हां, आता जमलं बघा." मग हिशेब होतो, फाइल जाते, आणि त्या होकाराचं श्रेय मी माझ्या कानाला आणि अनुभवाला देऊन मोकळा होतो.

पारड्याला बोट लावून माल विकणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, ते मला ठाऊक आहे. मग स्वतःला मी वेगळं काय म्हणायचं?

गायकाला फसवलं, हे उघड आहे. पण त्याच्याआधी मी स्वतः फसत होतो, आणि ते मला जास्त लागतं. इक्यूत एखादी पट्टी वर केली की एकूण आवाज थोडा वाढतोच. कॉम्प्रेसर लावला की दाबलेलं भरून काढायला तो मागून पातळी उचलतोच. आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, सुधारलं. सुधारलं, की नुसतं वाढलं? हे तपासायला फार काही लागत नाही. दोन्ही रूपं सारख्या पातळीवर आणायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. मिनिटभराचं काम. ते मिनिट मी का टाळत होतो? घाई होती म्हणून? की तासभर फिरवलेल्या बटणांनी काहीच साधलं नाही असं उत्तर येईल, याची धास्ती होती म्हणून? घाईचं कारण मी इतरांना देत होतो. स्वतःला विचारलं तर धास्तीच जास्त खरी वाटते.

माझी खोली धारवाडात आहे, मालमड्डीच्या बाजूला. हे मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या एखाद्या गावात असतो तर हा प्रश्न मला कदाचित एवढा टोचला नसता. इथून जवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकले आणि मराठी रंगभूमीने त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांच्याकडे हुबळीच्या गंगूबाई हनगल शिकल्या, गदगकडचे भीमसेन जोशी शिकले. मल्लिकार्जुन मन्सूर घराण्याने जयपूर-अत्रौलीचे, पण मन्सूर हे गाव धारवाडला लागूनच, आणि १९५० साली सुरू झालेल्या इथल्या आकाशवाणीचे ते संगीत सल्लागार होते. या भागात सवाई गंधर्वांच्या परंपरेतून किराणा घराण्याचं गाणं मुरलं ते असं. आणि किराण्याच्या आलापीत सूर कसा लागला आणि कसा वाढला, यावरच सगळं उभं असतं. षड्ज जवळजवळ श्वासातून उगवतो, भरत जातो, क्षणभर थांबतो आणि विरतो. या भरण्या-विरण्यातला चढउतार काढून घेतला तर मागे काय उरतं? स्वर उरतात, राग ओळखू येतो. पण त्या माणसाने तो गंधार तसा का लावला, हे कळायला काही उरत नाही.

आणि मी नेमका तोच चढउतार काढून घेत होतो.

एक विलंबित ख्याल मला अजून तपशिलाने आठवतो. गायक चांगला, तबलजी संयमी. पडद्यावर लाट बघितली तर सुरुवातीला बारीक दोरा, मग हळूहळू रुंदावत गेलेला पट्टा, आणि मधूनमधून समेच्या 'धा'चे उंच सुळके. त्या सुळक्यांमुळे एकूण पातळी वर नेता येत नव्हती. तबल्याचा ठोका सरासरीच्या सहज १५ डेसिबल वर जातो. मी लिमिटर लावला. सुळके कापले गेले, खालचा सगळा भाग वर आला, पट्टा फुगून सारखा झाला. डोळ्यांना फार समाधान वाटलं. मग ऐकलं. गायक सूर धरून असेपर्यंत तानपुरा मागे सरायचा आणि त्याने सूर सोडला की एकदम पुढे उसळायचा. खरा तानपुरा असं करत नाही. तो एकसारखा वाहत असतो, म्हणून तर त्याच्या आधाराने गाता येतं. पुढच्या ओळीआधी गायकाने घेतलेला श्वास जवळजवळ मुखड्याइतका मोठा झाला होता. आणि सम? मुखडा घेऊन तो समेवर यायचा, पण तिथे जो भार पडायला हवा तो पडतच नव्हता. 'धा'ची कडा मीच तासून टाकली होती. अख्खं आवर्तन ज्या क्षणासाठी मी कान लावून बसलो होतो, तो क्षण बाकीच्या क्षणांएवढाच झाला होता.

हे सगळं मला ऐकू आलं. तरी ती फाइल मी तशीच दिली. का?

कारण त्याच आठवड्यात हुबळीच्या दुसऱ्या एका स्टुडिओतून निघालेलं भक्तिगीत माझ्या एका फायलीच्या पाठोपाठ कुणाच्या तरी मोबाइलवर वाजलं होतं, आणि माझं त्याच्यापुढे बारीक वाटलं होतं. घरी येऊन मी ते गाणं मिळवलं. त्यात चाल कशी आहे, गळा कसा आहे, शब्द कसे टाकलेत, यातलं मी काहीही ऐकलं नाही. मी मीटर लावला. आकडा बघितला. आणि पुढच्या कामात त्या आकड्याच्या वर जायचं असं मनात धरलं. विलंबित ख्याल काय, भजन काय, त्या क्षणी मला सगळं सारखंच होतं. एका गायकाच्या आयुष्यभराच्या तयारीवर मी माझी असूया भागवून घेतली. हे लिहिताना हात जड होतो, पण याला दुसरं नाव नाही.

या सवयीच्या मुळाशी एकेकाळी खरी गरज होती, हेही सांगायला हवं. सबब म्हणून नाही, समजून घ्यायला म्हणून. टेपच्या काळात खालून सतत एक सूं आवाज यायचा. चांगल्या स्टुडिओतल्या टेपवरही गाणं आणि तो सूं यांच्यात साधारण ६०-६५ डेसिबलचं अंतर. हळू भरलं तर आलाप त्यात बुडायचा. म्हणून काटा शून्याच्या आसपास खेळता ठेवायचा. जरा लालमध्ये गेला तरी टेप ते गोलाईने झेलायची. डिजिटलचं बरोबर उलट. वरचं टोक शून्य डीबीएफएस, आणि त्याच्या वर काही म्हणजे काहीच नाही. लाटेचा माथा तिथे सपाट कापला जातो आणि कर्कश चरा ऐकू येतो. खाली मात्र जागाच जागा. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटमध्ये कागदोपत्री १४४. खोलीतला पंखा, रस्त्यावरची रिक्षा आणि माइकचा स्वतःचा आवाज त्याच्या कितीतरी आधी आडवे येतात. म्हणजे २४ बिटवर गाणं घेताना सरासरी उणे १८ ते उणे २० ला राहिली आणि सगळ्यांत जोरकस ठोकाही उणे ६ च्या आतच थांबला, तर काडीचंही नुकसान नाही. युरोपातल्या प्रसारकांनी उणे १८ आणि अमेरिकेतल्या चित्रपट-दूरदर्शनवाल्यांनी उणे २० ही यंत्रं जुळवण्याची पातळी धरली, तीही अशीच वर मोकळी जागा ठेवून.

हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हेच सांगत होतो, फळ्यावर आकडे लिहून. मग रात्री एकटा असताना हात वर का जात होता?

रात्रीचंही बोलायला हवं. दिवसभर नोकरी किंवा वर्ग, मग कामाला बसायचं ते रात्रीच. तासाभरात कान थकतात. थकलेल्या कानाला सगळं बोथट वाटतं, म्हणून स्पीकरचा आवाज वाढवायचा. आवाज वाढला की खालचे आणि वरचे स्वर आपोआप भरलेले वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून मांडलं होतं: आवाज हळू असेल तर कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठा असेल तर जास्त. म्हणजे रात्री मोठ्या आवाजात जे भारदस्त वाटलं, ते सकाळी एखाद्याने चहा पिताना हळू लावलं की पोकळ वाटणार. सकाळी ऐकून दुरुस्त करता आलं असतं. पण सकाळपर्यंत मी थांबायचोच कुठे? 'एक्स्पोर्ट' दाबून, पाठवून, झोपायला जायचो. काम संपल्याचं सुख मला हवं होतं. काम नीट झालंय की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या ताज्या कानांना विचारायची तयारी नव्हती.

आणि हाच मी गणपतीच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींवर चिडतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मला तोंडपाठ आहेत: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. खिडकीची तावदानं थरथरली की मी हे आकडे शेजाऱ्यांना ऐकवतो. माझं म्हणणं चुकीचं नाही. लहान मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांना तो आवाज सोसत नाही, आणि त्यांच्यासाठी बोललंच पाहिजे. पण त्या भिंतीमागच्या मुलाला काय हवं असतं? पलीकडच्या गल्लीतल्या मंडळापेक्षा आपलं जास्त वाजावं. मला काय हवं होतं? पलीकडच्या स्टुडिओपेक्षा माझं जास्त वाजावं. त्याचा आवाज रस्त्यावर होता, माझा फायलीत. इच्छेत फरक होता का? मला सापडत नाही.

गंमत अशी नव्हे, दुःख असं की ही चढाओढ आता कुणी जिंकूच शकत नाही. ऐकू येणारी पातळी मोजायची एक पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस.१७७० या नावाने दिली. २०१० साली युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आर१२८ आणून उणे २३ एलयूएफएस ही पातळी ठरवली. आम्ही बोलताना 'लफ्स' म्हणतो. लाटेचं टोक किती उंच गेलं यापेक्षा कानाला एकूण किती मोठं वाटतं, याचा हा हिशेब. मग गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपनीही तो उचलला. स्पॉटिफाय उणे १४ च्या आसपास आणतं, अ‍ॅपल उणे १६ च्या आसपास. म्हणजे मी जिवावर उदार होऊन उणे ८ ला नेऊन ठेवलेलं गाणं तिथे सरळ ६ डेसिबल खाली ओढलं जातं. आवाज इतरांएवढाच होतो. तासलेली 'धा'ची कडा मात्र परत येत नाही. २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम आला तेव्हा त्यांच्याच चाहत्यांनी तक्रार केली होती की तो इतका दाबलाय की ऐकवत नाही. त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली कमी दाबलेली रूपं लोकांना जास्त आवडली. ती बातमी वाचून मी मान हलवली होती. हे बघा, परदेशात काय चाललंय! आणि त्या रात्री काय केलं असेल, ते आता सांगायला नको.

इथपर्यंत आल्यावर सोपं होतं. 'हळू ठेवा, चढउतार जपा' असं म्हणून सुटता आलं असतं. काही दिवस मी तसं म्हणालोही, आणि थोड्या तोऱ्यातच म्हणालो. ख्याल उणे २२ ला देऊ लागलो. कुणी 'बारीक वाटतं' म्हणालं की सांगायचो, "आवाज वाढवून ऐका की." पण मग हुबळीहून धारवाडला येताना एकदा चिगरी बसमध्ये, कानात साध्या तारेच्या गोळ्या घालून, मीच दिलेला आलाप लावला. नवलूरच्या पुढे येईपर्यंत तानपुरा गेला होता, खालचा षड्ज गेला होता, आणि मधूनच येणारी हरकत तेवढी ऐकू येत होती. मोबाइलचा आवाज शेवटच्या टोकाला होता. आणखी वाढवायचा कुठे?

शास्त्रशुद्ध शांतता राखल्याचा जो मान मी मिरवत होतो, तो या बसमधल्या माणसाच्या काय कामाचा? दिवसभर दुकानात उभा राहून घरी जाणारा माणूस त्या अर्ध्या-पाऊण तासात मन्सूरअण्णांचं किंवा गंगूबाईंचं काही ऐकायला बघत असेल, तर त्याने आधी शांत खोली विकत घ्यावी असं मी म्हणणार आहे? आधी मी दुसऱ्या स्टुडिओवर मात करायला आवाज वाढवत होतो. आता कुणीतरी जाणकार 'वा, किती चढउतार जपलेत' म्हणेल म्हणून कमी करत होतो. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर दुसरा मिक्स करणारा होता. ऐकणारा नव्हताच.

गंगूबाईंच्या आवाजाचं उदाहरण घेतलं की हा पेच नीट दिसतो. तरुणपणी त्यांचा आवाज उंच आणि बारीक होता. घशावरच्या उपचारानंतर तो जड, खोल, जवळजवळ पुरुषी झाला, आणि त्याच आवाजात त्या पुढे आयुष्यभर गायल्या. असा आवाज मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर लावला तर त्याचा पाया ऐकूच येत नाही. साधारण २०० हर्ट्झच्या खालचं ते यंत्र फारसं वाजवतच नाही. मीटरही खालच्या स्वरांना थोडं कमीच वजन देतो, कारण कानही तसंच करतो. मग अशा जातीचा आवाज माझ्यापुढे आला की मी काय करायचो? मधल्या-वरच्या पट्ट्या उचलायचो. आकडा वाढायचा, मोबाइलवर शब्द स्पष्ट यायचे. आणि चांगल्या स्पीकरवर लावलं की वाटायचं, ही बाई कोण? जो जडपणा हीच तिची ओळख, तो मी चिमुकल्या यंत्राच्या सोयीसाठी घालवला होता. पण उचललंच नाही तर मोबाइलवाल्याला ती ऐकूच येणार नाही. कुणाचं ऐकायचं?

तानपुऱ्यानेच मला थोडी वाट दाखवली. काळी एकच्या पुरुषी सुराला लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइल तो वाजवत नाही. तरीही तानपुरा नीट लागलेला असेल, जवारी उघडी असेल, तर मोबाइलवरही खर्ज असल्याचं कानाला कळतं, कारण जवारीमुळे त्या तारेतून वरचे कितीतरी स्वर झिणझिणत निघतात आणि कान त्यांच्यावरून खालचा ओळखून घेतो. मिरजेच्या कारागिरांनी सुताचा दोरा इकडे-तिकडे सरकवत जे साधलं, ते मी मिक्समध्ये मारून टाकत होतो. विशेषतः जुन्या टेप स्वच्छ करताना. एका घरातली जुनी बैठकीची टेप माझ्याकडे आली होती. सूं काढायचा म्हणून मी आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर चांगलं खोलवर चालवलं, मग पातळी भरपूर उचलली. घरच्यांना फार आवडलं. वडिलांचा गळा इतका स्पष्ट त्यांनी कधी ऐकला नव्हता. पुढे एकदा निवांत ऐकताना लक्षात आलं की तानपुऱ्याची ती झिणझिण सूंबरोबरच गेली आहे. यंत्राला दोन्ही सारखेच वाटले. बुवा पोकळीत गात होते. मूळ टेप त्या घरात सुरक्षित होती म्हणून पुन्हा करता आलं, नसती तर?

आणखी एक गोष्ट मोजमापाच्या आत दडलेली आहे, जी मला बरेच दिवस कळली नाही. लफ्सच्या हिशेबात नंतर एक चाळणी आली. आधी सरासरी काढायची, मग त्या सरासरीच्या १० एकक खाली जे जे असेल ते वगळून पुन्हा सरासरी काढायची. त्यामागे कारण चांगलं आहे: कार्यक्रमातल्या लांब शांत जागांमुळे आकडा खाली येऊन बाकीचा आवाज भलता उचलला जाऊ नये. पण चाळीस मिनिटांच्या ख्यालात याचा अर्थ असा होतो की द्रुतातल्या ताना आकडा ठरवतात, आणि सुरुवातीचा आलाप, तो खरोखर हळू असेल तर, हिशेबात धरलाच जात नाही. मीटरला दोष द्यावा असं नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं. पण मी पडद्यावरचा तो एक आकडा बघून संपूर्ण ख्याल बघितल्यासारखा उठायचो. आलाप मीटरने सोडला म्हणून मीही सोडला. तो ऐकायचं काम कुणाचं होतं?

मग आता काय करतो, हे सांगतो. बरोबर आहे म्हणून नाही, सध्या एवढंच जमतंय म्हणून. स्पीकरचं बटण एका जागी खूण करून ठेवलं आहे. लहान खोलीत मीटरवर ७५ डेसिबलच्या आसपास भरेल एवढं. मोठ्या दालनांसाठी ८३ सांगतात, माझ्या खोलीला ते जड जातं. बटण हलवायचं नाही म्हटल्यावर एक फरक पडला: मिक्स फार दाबलं की ते त्या खुणेवर त्रासदायक मोठं वाटतं, आणि हात आपोआप फेडर खाली घेतो. आकडा बघायच्या आधी कान सांगतो. टोक उणे १ च्या वर जाऊ देत नाही, कारण एमपी३ किंवा एएसी करताना लाट थोडी इकडे-तिकडे होते आणि शून्याला टेकलेलं गाणं तिथे फाटतं. आणि लिमिटरने उचलण्याऐवजी फेडर हाताने चालवतो. आलापाची ओळ फार खाली जात असेल तर ती ओळच दोन डेसिबल वर, श्वास जिथल्या तिथे, समेआधी पुन्हा खाली. तबलजीची कडा शाबूत राहते. वेळ खूप लागतो. पूर्वी लिमिटर पाच मिनिटांत करायचा त्याला आता संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ द्यायला अजूनही जिवावर येतं, हेही खरं.

पण सगळ्यात अवघड गोष्ट यंत्राची नव्हती. इथल्याच एक बाई, गाणं शिकवणाऱ्या, मी त्यांना अक्का म्हणतो, त्यांचा यमन घेतला होता. त्या ऐकायला आल्या. मी सवयीने जुनं लावलं, मग नवं लावलं, आणि सवयीने नवं जरा वर होतं. त्यांनी मान डोलावली. नेहमी इथेच संपायचं. त्या दिवशी मी म्हणालो, "अक्का, थांबा. दुसरं मी थोडं मोठं लावलं होतं. आता दोन्ही सारख्या आवाजात लावतो."

"मोठं का लावलंत?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळेना म्हणून.

मला उत्तर देता आलं नाही. मी दोन्ही सारख्या पातळीवर लावली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "पहिलंच बरं आहे की हो. माझा निषाद त्यात नीट येतो. मधे एवढं काय केलंत तुम्ही?"

जे केलं होतं ते सगळं काढून टाकलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण निषाद खरंच पहिल्यात नीट येत होता, आणि ते मला दोन दिवस त्याच मिक्समध्ये राहून ऐकू आलं नव्हतं.

उठता उठता त्या म्हणाल्या, "पण आमच्या आईंना कमी ऐकू येतं हो. त्या मोबाइलवरच लावतात. त्यांच्यासाठी जरा मोठं करून द्याल का?" आता हे ऐकून मला पूर्वीसारखा 'चढउतार जपा'वर वर्ग घ्यायची इच्छा झाली नाही. आईंसाठी वेगळी फाइल केली: उणे १६, आलाप हाताने उचललेला, मधल्या पट्ट्या थोड्या पुढे. मूळची फाइल उणे २० ला आहे तशी ठेवली. दोन्हींच्या नावात कुठली कशासाठी ते लिहिलं. आईंची फाइल मला स्वतःला कमी आवडते. पण ती माझ्यासाठी नव्हतीच.

तेव्हापासून बिलावर मी 'मिक्सिंग-मास्टरिंग' एवढंच लिहून सोडत नाही. खाली पातळी लिहितो, टोक लिहितो, आणि कुठे किती दाबलं असेल तर तेही. पहिल्याच गिऱ्हाइकाने, एका तरुण भजनी गायकाने, ती ओळ बोटाने दाखवून विचारलं, "दाबलंय म्हणजे काय, अण्णा?" मग त्याला खोलीत नेऊन, खुर्चीवर बसवून, दोन्ही सारख्या आवाजात लावून दाखवावं लागलं.